ट्यूबमधली साखर खाल्ली कोणी?

तर्रीबाज (धागाकर्ता)

राजेहो, प्रश्न साधा आहे पण दोन दिवसांपासून घरात याच्यावरून महाभारत चालू आहे म्हणून इथं टाकून राहिलो. बाबांना (वय ७१) शुगर आहे, बारा वर्षं झाली, गोळी चालू आहे. परवा सकाळी साडेसहाला लॅबचा पोरगा घरी येऊन उपाशीपोटी रक्त घेऊन गेला. बाबांची सवय अशी की सुई टोचायचीच आहे तर आपल्या मशीनवर पण पाहून घेऊ, म्हणून त्याच पाच मिनिटांत त्यांनी ग्लुकोमीटरवर बोट टोचलं, आले ११२. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आला, ७१. एकच माणूस, एकच वेळ, आणि ४१ चा फरक! आई म्हणते मशीन बिघडलं, भाऊ म्हणतो लॅब भंगार आहे, आणि बाबांनी कोणाला न विचारता रात्रीची गोळीच खाल्ली नाही, वरून "शुगर कमी आहे ना" म्हणून दोन संत्रा बर्फ्या दाबल्या.

लॅबच्या पोराला फोन केला तर तो म्हणे दादा अजून सहा घरं होती, मानेवाड्यापासून पार जरीपटक्यापर्यंत, सॅम्पल लॅबमध्ये साडेअकराला पोचलं. बरं पोचलं तर पोचलं. पण मला हे सांगा, बंद झाकणाच्या ट्यूबमधून साखर जाईल कुठं? वाफ होऊन उडाली काय?

टेस्टट्यूब_ताई

झाकण कोणत्या रंगाचं होतं?

तर्रीबाज

लाल. काऊन?

टेस्टट्यूब_ताई

बस, चोर सापडला मग.

मी चौदा वर्षांपासून लॅबमध्ये काम करून राहिली आहे, इथंच नागपुरात. पहा भाऊ, रक्त म्हणजे लाल रंगाचं पाणी नाही, त्यात जिवंत पेशी असतात, आणि सुईतून ट्यूबमध्ये आल्या म्हणून त्या मरत नाहीत. आपण आता काकांच्या अंगात नाही, लाल झाकणाखाली आहोत हे त्यांना कोण सांगणार. त्या आपल्या खात राहतात. आणि खायला आहे काय, तर तीच साखर जी आपल्याला मोजायची आहे. रूम टेंपरेचरला तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर अशी संपते, आणि हे रूम टेंपरेचर पुस्तकातलं, आपल्या मे महिन्यातलं नाही. गरमीत पेशी अजून भराभर खातात. पाच तास गाडीवर टांगलेल्या बॅगेत ११२ चे ७१ झाले याचं मला तरी काही नवल वाटत नाही.

म्हणून शुगरसाठी ग्रे झाकणाची ट्यूब असते, त्यात सोडियम फ्लोराइड टाकलेलं असते, ते पेशींचं हे खाणं अडवते. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठत नाही पण पेशींचं खाणं काही थांबत नाही, हे नवीन आलेल्या पोरांना पण बरेचदा माहीत नसते. लाल ट्यूब पण चालते, पण मग रक्त गोठलं की लगेच मशीनमध्ये फिरवून पेशी आणि सीरम वेगळं करावं लागते. पाच तास फिरवून आणायची ती ट्यूब नाही.

ग्लुकोमीटर पण काही देव नाही, १५ टक्के इकडेतिकडे होऊ शकते. पण त्यानं रक्त बोटातून निघाल्या निघाल्या मोजलं, चोराला वेळच दिला नाही. काकांना सांगा गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, दोन्ही आकडे डॉक्टरला दाखवा आणि टेस्ट परत करा.

खवचट_पुणेकर

म्हणजे चोरी झाली ती पोलीस चौकीतच. नागपूरकरांच्या पेशीसुद्धा खायच्या बाबतीत मागे हटत नाहीत हे वाचून आनंद झाला.

तर्रीबाज

@पुणेकर तुमच्या पेशी दुपारी १ ते ४ बंद राहत असतील, आमच्या राहत नाही.

ताई, लाख मोलाचं सांगितलं, बाबांना वाचून दाखवलं, ते आता मशीनकडे जरा प्रेमानं पाहून राहिले. पण मग पुढचा प्रश्न. रक्तपेशी साखर खाते म्हणजे करते काय नेमकं? तिला ना तोंड ना पोट. आणि बंद ट्यूबमध्ये हवा तरी कुठून येते तिला?

नीटची_पोट्टी

मी सांगू? बारावीत आहे, परवाच हा चॅप्टर झाला. काका, आरबीसीला म्हणजे लाल रक्तपेशीला हवा लागतच नाही!! तिच्यात मायटोकॉन्ड्रियाच नसतो, म्हणजे ऑक्सिजन वापरून एनर्जी बनवणारा पेशीतला भाग. ती फक्त ग्लायकोलिसिस करते, ग्लुकोजचे दोन तुकडे, पायरुव्हेट, मग त्याचं लॅक्टेट, आणि नेट दोन एटीपी. बाकीच्या पेशी ऑक्सिजन वापरून पुढं क्रेब्स सायकल आणि ईटीएस (इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे देणारी साखळी) करतात आणि टोटल ३८ एटीपी. आमच्या सरांनी हे पाठ करून घेतलं आहे झोपेतून उठवलं तरी सांगेन.

पण खरं सांगू का मला एटीपी म्हणजे काय हे कळलंच नाही अजून. "एनर्जी करन्सी" लिहिते आणि मार्क मिळतात.

निवृत्त_मास्तर

बेटा, शेवटचं वाक्य प्रामाणिकपणे लिहिलंस म्हणून तुझ्यासाठी टाइप करतो, नाहीतर मोबाइलवर एवढं लिहायचं म्हणजे माझ्या अंगठ्याची परीक्षा. मी एकतीस वर्षं ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवलं आणि पहिली दहा वर्षं मी पण "करन्सी, करन्सी" म्हणूनच वेळ मारून नेली.

एटीपी म्हणजे ट्रिपल सीट. अॅडिनोसिन ही तुझी लुना, आणि तिच्यावर एकामागं एक तीन फॉस्फेट बसलेले. तिघांवरही ऋण विद्युतभार आहे, म्हणजे तिघांनाही एकमेकांचा शेजार नको आहे, आणि तरी दाटीवाटीनं चिकटून बसले आहेत. तिसऱ्याला उतरायला नुसतं निमित्त पाहिजे. तो उतरला की गाडी मोकळी होते आणि उरलेल्या दोघांची लुना म्हणजे एडीपी. आता हा तिसरा उतरून नुसता रस्त्यावर उभा राहिला तर उपयोग नाही, तो जाऊन दुसऱ्या एखाद्या प्रोटीनला चिकटतो, त्याला ढकलतो, त्याचा आकार बदलतो. स्नायू आखडणं, नसेतून संदेश जाणं, आरबीसीनं सोडियम बाहेर फेकून पोटॅशियम आत घेणं, ही सगळी त्या तिसऱ्याच्या ढकलण्याची कामं. आणि अन्न कशासाठी खायचं? उतरलेल्याला पकडून परत गाडीवर बसवण्यासाठी. तो आपल्या मर्जीनं बसत नाही, जोर लावावा लागतो. तो जोर साखरेतून येतो. बस, चॅप्टर एवढाच आहे, बाकी सगळं कसं बसवायचं त्याचा तपशील.

शरीरात कोणत्याही क्षणी एटीपी असतं किती, तर पाव किलोच्या आतच. आणि नुसतं बसून राहणारा माणूस दिवसाला वापरतो साधारण ४० किलो. म्हणजे तेच तेच परत परत चार्ज होते, दिवसातून शेकडो वेळा.

आता ग्लायकोलिसिस. दहा पायऱ्या आहेत, पेशीच्या द्रवातच होतात. गंमत अशी की पहिल्या पायऱ्यांत कमाई नाही, उलट दोन एटीपी गाठचे खर्च होतात, ग्लुकोजवर फॉस्फेट चढवायला. फॉस्फेट चढलं की ग्लुकोजला पेशीबाहेर परत जाता येत नाही, अडकलं. मग ते फोडून तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे, आणि पुढं त्यातून चार एटीपी. चार वजा दोन, हातात दोन.

काटोलवाला

मास्तर हे बरं हाय, दोन टाकले का चार येते. आमी वावरात दोन टाकतो त एक येते अन् तोबी व्यापारी नेते.

टेस्टट्यूब_ताई

@नीटची_पोट्टी, तुला एक मजा सांगते, परीक्षेत पण कामात येईल. ग्रे ट्यूबमधलं फ्लोराइड या दहा पायऱ्यांपैकी नवव्या पायरीचं एन्झाइम अडवते.

नीटची_पोट्टी

एनोलेज!!!

टेस्टट्यूब_ताई

हाव. आणि म्हणूनच ग्रे ट्यूब म्हणजे काही जादू नाही. दरवाजा नवव्या पायरीवर बंद केला तर पहिल्या आठ पायऱ्यांवरचे लोक लगेच थांबत नाहीत, मागून ढकलाढकली चालूच राहते. त्यामुळे ग्रे ट्यूबमध्ये पण पहिला एखाद-दोन तास साखर थोडी कमी होतच राहते, मग गाडी ठप्प होते आणि आकडा टिकतो. ज्यांना एकदम काटेकोर पाहिजे ते सॅम्पल बर्फाच्या पाण्यात ठेवून अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा करतात. सायट्रेटवाल्या ट्यूब पण आहेत, त्या आम्लामुळे सुरवातीच्याच पायऱ्यांवर ब्रेक लावतात, पण आपल्याकडे मी त्या फार पाहिल्या नाहीत.

अजून एक, ज्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी प्रचंड वाढलेल्या असतात, ब्लड कॅन्सरमध्ये होते तसं, त्यांचा साखरेचा आकडा ट्यूबमध्येच धडाधड खाली येतो आणि पेशंट मस्त गप्पा मारत बसलेला असतो. एकदा आमच्याकडे असा ३० आला होता. धावत गेलो तर पेशंट चहा पिऊन राहिला होता.

तर्रीबाज

थांबा थांबा. आरबीसीचं कामच ऑक्सिजन वाहून न्यायचं ना? मग जिच्याकडे ऑक्सिजनचं गोडाऊन भरलेलं तिनंच बिना ऑक्सिजनचं दोन एटीपीवर भागवायचं, हा काय प्रकार आहे? बाकीचे ३८ कमावून राहिले ना.

निवृत्त_मास्तर

तुझ्या घरी पोह्याचं पार्सल आणणाऱ्यानं रस्त्यात डबा उघडला तर चालेल काय? आरबीसीत मायटोकॉन्ड्रिया असता तर तिनं वाहून न्यायचा ऑक्सिजन वाटेतच वापरला असता. ती तयार होताना आपलं केंद्रक आणि मायटोकॉन्ड्रिया दोन्ही टाकून देते, आत हिमोग्लोबिन ठासून भरते आणि १२० दिवस दोन-दोन एटीपीवर काढते. अशा अंदाजे २५ लाख कोटी पेशी तुझ्या अंगात फिरून राहिल्या. आणि तिनं टाकलेलं लॅक्टेट वाया जात नाही, यकृत ते उचलून त्याचं परत ग्लुकोज करते. याला कोरी सायकल म्हणतात, गर्टी आणि कार्ल कोरी या नवराबायकोला १९४७ चं नोबेल मिळालं.

विदर्भात सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे म्हणून जाता जाता: सिकलसेलच्या पेशंटमध्ये आरबीसी १२० दिवस टिकतच नाही, लवकर फुटते, म्हणून तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी टेस्ट त्यांच्यात दगा देऊ शकते. घरात कोणी असेल तर डॉक्टरला आधीच सांगा.

फुटाळा_रनर

लॅक्टेटचा विषय निघालाच आहे तर, आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात की सेमिनरी हिल्सचा चढ मारल्यावर दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टिक अ‍ॅसिड साचल्यामुळे, म्हणून मग मालिश करा, ताक प्या, काय काय करा. खरं आहे काय हे?

निवृत्त_मास्तर

नाही. जोरात पळताना लॅक्टेट वाढते हे खरं, साखर फोडायचा वेग मायटोकॉन्ड्रियाच्या वेगाच्या पुढं गेला की असं होते. पण थांबल्यावर तासाभरात ते बहुतेक साफ होते, हृदय तर ते आवडीनं इंधन म्हणून वापरते. दुसऱ्या दिवशी दुखते ते स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होऊन सूज येते म्हणून, आणि चढापेक्षा उतारानं जास्त दुखते. ताक पी, ताकाला कशाला कारण पाहिजे.

खवचट_पुणेकर

आता मी जरा गंभीरपणे विचारतो (होतं असं कधीकधी). साखर चमच्यात धरून गॅसवर जाळली तर कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता. शरीरात गेली तरी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता. मग शाळेपासून ऐकतोय तसं "पेशीत साखर जळते" म्हणायला हरकत काय? मायटोकॉन्ड्रियाला तर सगळे पेशीचं पॉवर हाऊस म्हणतात.

निवृत्त_मास्तर

चांगला प्रश्न विचारलात, म्हणजे आता माझी दुपारची झोप गेली.

हिशोबाच्या दोन टोकांना पाहिलं तर तुमचं बरोबर. फरक मधल्या रस्त्यात आहे. आमच्याकडे दोन प्रकारची वीज आहे. एक कोराडीची, कोळसा जाळा, पाण्याची वाफ करा, वाफेनं टर्बाइन फिरवा. दुसरी पेंचवर तोतलाडोहची, पाणी उंचावर अडवा आणि खाली सोडताना टर्बाइन फिरवा. पॉवर हाऊस म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर कोराडीची चिमणी येते. पेशी मात्र तोतलाडोह आहे.

कसं ते पहा. पायरुव्हेट मायटोकॉन्ड्रियात शिरते, तिथं त्याचा एक कार्बन सुटतो, तो कार्बन डायऑक्साइड. उरलेले दोन क्रेब्स सायकलमध्ये जातात आणि तेही कार्बन डायऑक्साइड होऊन निघतात. या सगळ्या कापाकापीत एटीपी फार निघत नाही, आख्ख्या सायकलच्या दोन फेऱ्या झाल्या तरी दोनच. मग कमाई कुठं आहे? कापताना जे इलेक्ट्रॉन निघतात त्यात. ते एनएडीएच नावाच्या हमालाच्या डोक्यावर बसून मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यापाशी जातात. तिथं प्रोटीनची रांग आहे, इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात जातात, प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा सोडतात, आणि त्या ऊर्जेवर पडद्याच्या एका बाजूचे प्रोटॉन उपसून दुसऱ्या बाजूला टाकले जातात. शेवटी इलेक्ट्रॉन उचलून घ्यायला ऑक्सिजन उभा असतो, त्याचं पाणी होते. एवढ्याचसाठी आपण श्वास घेतो. सायनाइड त्याच शेवटच्या दारावर बसते, ऑक्सिजन रक्तात भरपूर असतो पण आत घेणारं कोणी नाही.

आता पडद्यापलीकडे प्रोटॉनची दाटी झाली, म्हणजे धरण भरलं. परत यायला रस्ता एकच, पडद्यात बसवलेलं एक प्रोटीन, एटीपी सिंथेज. त्यातून प्रोटॉन आत येताना ते प्रोटीन खरंखुरं गोल फिरते. ही उपमा नाही. १९९७ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी त्याच्या आसाला एक चमकणारा धागा चिकटवला आणि मायक्रोस्कोपखाली तो धागा पंख्याच्या पात्यासारखा फिरताना पाहिला. एका फेरीत तीन एटीपी, आणि पेशीत सेकंदाला शंभराहून जास्त फेऱ्या.

हे धरणाचं डोकं पीटर मिशेलचं, १९६१ सालचं. तेव्हा सगळे बायोकेमिस्ट एखादं लपलेलं रसायन शोधून राहिले होते जे इलेक्ट्रॉनची ऊर्जा एटीपीपर्यंत पोचवते, आणि हा म्हणे रसायन वगैरे काही नाही, नुसता पडदा आणि दोन बाजूंचा फरक. लोकांनी बरीच वर्षं मनावर घेतलं नाही. त्यानं इंग्लंडच्या एका कोपऱ्यात, कॉर्नवॉलमध्ये, जुना वाडा दुरुस्त करून तिथंच लॅब काढली आणि काम चालू ठेवलं. १९७८ मध्ये त्याला एकट्याला नोबेल.

नीटची_पोट्टी

सर, मग ३८ का ३६ का ३०? तीन पुस्तकात तीन आकडे आहेत, डोकं फिरते.

निवृत्त_मास्तर

परीक्षेत तुझ्या पुस्तकात आहे ते लिही. पण कारण समजून घे, मग डोकं फिरणार नाही. जुन्या हिशोबात एका एनएडीएचला तीन एटीपी धरायचे, पूर्ण आकडा, कारण मधलं रसायन असतं तर पूर्णच आकडा आला असता. पण आहे धरण. धरणातल्या पाण्याचे युनिट पूर्ण आकड्यात थोडेच येतात. एका एनएडीएचमागं साधारण १० प्रोटॉन उपसले जातात, एका एटीपीला सगळा खर्च धरून साधारण ४ लागतात, म्हणजे अडीच. दुसरा हमाल एफएडीएचटू, त्याचे दीड. दहा एनएडीएचचे २५, दोन एफएडीएचटूचे ३, आणि थेट मिळालेले ४, झाले ३२. ग्लायकोलिसिसमधले एनएडीएच मायटोकॉन्ड्रियात आत नेताना काही पेशींत वाटखर्च पडतो, तिथं ३०. वरून धरण थोडं गळतेही. म्हणून खरा आकडा म्हणजे "तीसच्या आसपास".

नीटची_पोट्टी

सर हे एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. थँक्यू थँक्यू.

टेस्टट्यूब_ताई

एक आपल्या माणसाचं नाव राहून गेलं. एटीपी शोधलं कोणी? येल्लाप्रगडा सुब्बाराव, भीमावरमचे, आंध्रचे. हार्वर्डमध्ये सायरस फिस्केसोबत काम करायचे. १९२९ मध्ये या दोघांनी एटीपी शोधलं, त्याच वर्षी तिकडं जर्मनीत लोमाननं पण. आम्ही डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सला, फॉस्फरस मोजायची "फिस्के-सुब्बाराव पद्धत" शिकलो, १९२५ ची, तेव्हा मला वाटलं सुब्बाराव म्हणजे कोणी साउथचे सर असतील कॉलेजातले! पुढं ते औषध कंपनीत गेले, फॉलिक अ‍ॅसिडवर काम केलं, कॅन्सरच्या मेथोट्रेक्सेटपर्यंत त्यांच्या टीमचं काम पोचते. १९४८ मध्ये त्रेपन्नाव्या वर्षी गेले. हार्वर्डनं त्यांना कायमची नोकरी काही दिली नाही.

निवृत्त_मास्तर

ताई, बरं केलंत. मी पण वर्गात सांगायचं विसरायचो. क्रेब्सचं पण तसंच, १९३७ मध्ये कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग करून त्यानं सायकल मांडली, नेचर मासिकानं पत्र परत पाठवलं, आमच्याकडे आधीच गर्दी आहे म्हणून. दुसरीकडं छापलं, १९५३ मध्ये नोबेल.

काटोलवाला

मास्तर, मले एक सांगा. तोडलेल्या संत्र्यातबी हे चालू राहते काय? म्हणजे झाडावरून तोडला का माल मेला असं नाही ना? काउन का ढिगात हात घातला का आतून गरम लागते, आन मांगच्या साली एका व्यापाऱ्यानं चमक यावी म्हणून मेण जास्त चढोलं, त दिल्लीले पोचेपावेतो मालाले दारूवानी वास. भांडण झालं लय. मी म्हणो माल चांगला होता, तो म्हणे तुनं सडका देल्ला.

निवृत्त_मास्तर

पाटील, माल जिवंत होता, तुमचं खरं होतं. तोडलेलं फळ श्वास घेत राहते, साखर आणि आम्ल हळूहळू संपवत राहते, त्याची उष्णता ढिगात अडकते. म्हणून थंडीत ठेवलं की टिकते, पेशींचं खाणं मंदावते, ताईंच्या बर्फातल्या ट्यूबसारखंच. हलकं मेण ठीक आहे, पाणी उडू देत नाही. पण थर जाड झाला की आत ऑक्सिजन जात नाही, धरणाचा रस्ता बंद, मग फळाच्या पेशी ग्लायकोलिसिसवर येतात. आणि वनस्पतीच्या पेशी तिथं लॅक्टेटपेक्षा अल्कोहोलच जास्त करतात. मोहाच्या फुलांच्या मडक्यात यीस्ट जे करते तेच. वास आला तो खरंच दारूचाच होता.

काटोलवाला

हे त्या व्यापाऱ्याले दाखोतो आता.

आजीची_गोधडी

मी फक्त वाचत होते पण संत्र्याच्या ढिगावरून आठवलं. माझ्या माहेरी वर्धेकडे ज्वारीचं पेव होतं, जमिनीत खणलेलं, वरून तोंड लिंपून बंद. उघडलं की त्याच दिवशी कोणाला उतरू द्यायचे नाहीत. दिवसभर तोंड उघडं ठेवायचे, मग आजोबा दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे आणि आम्ही सगळी पोरं काठावर पोटावर झोपून पाहायचो. विझला की म्हणायचे "पेव अजून भरलेलं आहे". मला वाटायचं आत कोणी बसलं आहे फुंकर मारायला. आता कळते, ज्वारीच श्वास घेऊन बसलेली होती ना सगळी हवा संपवून? की हे वेगळं काही?

निवृत्त_मास्तर

तेच. दाणा, त्यातली बुरशी, किडे, सगळ्यांनी मिळून ऑक्सिजन संपवला आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साठला. दाणा ओलसर असला तर अजूनच. उतरलेल्या माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. तुमच्या आजोबांना एटीपी माहीत नव्हतं, कंदील माहीत होता.

@तर्रीबाज, तुझ्या मुलीला घेऊन हे घरीच करून पहा. मोड आलेले मूग बरणीत अर्धी भरून झाकण घट्ट लाव. दुसऱ्या बरणीत तेवढेच मूग, पण उकळून थंड केलेले. रात्रभर ठेव, सकाळी काडी पेटवून आत सोड. मेणबत्तीची काडी नको, साधी लांब उदबत्तीला बांधलेली आगकाडी. बरणी काचेची घे आणि मुलीच्या हातात काडी देऊ नको.

तर्रीबाज

आज करतो. आणि मास्तर, बाबांचा प्रश्न आहे, ते बाजूला बसून वाचून राहिले: "मग मला शुगर आहे म्हणजे माझ्या पेशी खात नाहीत काय?"

टेस्टट्यूब_ताई

काका, तुमच्या आरबीसी आणि मेंदू खातात, त्यांना इन्सुलिनची परवानगी लागत नाही. स्नायू आणि चरबीच्या पेशींना लागते. इन्सुलिन आलं की त्या साखरेचे दरवाजे पेशीच्या पृष्ठभागावर आणून लावतात. तुमच्यात ती हाक नीट ऐकू जात नाही, म्हणून साखर बाहेर रक्तातच फिरत राहते, वरून यकृत अजून बनवून टाकत राहते. आणि "रक्तात साखर" म्हणजे किती, तर निरोगी माणसाच्या पूर्ण पाच लिटर रक्तात जेमतेम एक चहाचा चमचा. चालायला गेलं की स्नायू ते दरवाजे इन्सुलिन नसतानाही उघडतात, म्हणून डॉक्टर चाला चाला म्हणतात.

खवचट_पुणेकर

एक चमचा? मग दोन संत्रा बर्फ्या म्हणजे...

तर्रीबाज

@पुणेकर बाबा वाचून राहिले म्हटलं ना!

तर्रीबाज

(दोन दिवसांनी) अपडेट देतो. काल सकाळी परत टेस्ट केली, या वेळी स्वतः लॅबमध्ये गेलो, ग्रे झाकण मी डोळ्यांनी पाहिलं, पोरीनं लगेच आत नेलं. घरच्या मशीनवर ११८, लॅबचा रिपोर्ट ११४. डॉक्टरनं गोळी तीच ठेवली आणि बाबांना झापलं.

मुगाचं पण झालं. लेकीनं दोन्ही बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, "जिवंत" आणि "उकडलेले". रात्री कुलरसमोर नको म्हणून ओट्याखाली ठेवल्या. सकाळी उकडलेल्याच्या बरणीत काडी सोडली, छान जळत राहिली, पार उदबत्तीच्या दोऱ्यापर्यंत आली. मग जिवंतवाल्याचं झाकण उघडलं, काडी तोंडाच्या आत दोन बोटंही गेली नव्हती तर विझली, अशी विझली जसं कोणी चिमटीत धरली. परत केलं, परत विझली. बरणीच्या आतून काचेला बारीक पाणी धरलेलं होतं. लेक म्हणे बाबा हे रात्रभर जागे होते? आणि आमचे बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, झाकण उघडं ठेव गं त्यांचं आता थोडा वेळ.

आजीची_गोधडी

अगदी आजोबांसारखं बोलले हो.

काटोलवाला

मूग टाकून देऊ नका, कांदा-टमाटर टाकून खाऊन घ्या.